मराठी वाचनालयात नवी ऑनलाइन साधनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या एका छोट्या, जुन्या मराठी वाचनालयात मी देवघेवीचं टेबल सांभाळते. गेली काही वर्षं फावल्या वेळात नवी ऑनलाइन साधनं शिकून आमची पुस्तकांची यादी, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि सभासदांचा रोजचा व्यवहार नीट लावायचा प्रयत्न करते आहे. इतर गावांतल्या वाचनालयांतले सहकारी, आमचे सभासद आणि सुट्टीत मदतीला येणारी कॉलेजची मुलं जे जे विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत. जे स्वतः करून पाहिलं तेवढ्याबद्दलच लिहिलं आहे.

हे सगळं सुरू कशामुळे झालं?

एका सभासद आजोबांमुळे. तरुणपणी वाचलेलं एक पुस्तक त्यांना पुन्हा वाचायचं होतं. शीर्षकात 'कोऱ्या' हा शब्द होता, तेवढं त्यांना नक्की आठवत होतं. मी संगणकावर शोधलं, यादीत काही आलं नाही. 'आपल्याकडे नाही हो काका,' असं सांगून मी त्यांना परत पाठवलं. पुढे कसर लागली म्हणून एक कपाट रिकामं केलं, तर ते पुस्तक तिसऱ्या फळीवर उभं होतं. दाखल नोंदवहीत होतं, संगणकातल्या यादीतही होतं. नोंद करणाऱ्याने 'ऱ्या' एका पद्धतीने टाइप केला होता आणि मी दुसऱ्या. दिसायला दोन्ही अगदी सारखे. आजोबा तोवर मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते.

तेव्हापासून कुठलंही साधन बघताना मी आधी एकच परीक्षा घेते. मराठी शब्द वाचकाच्या हातून जसा टाइप होईल तसा घातला, तरी पुस्तक सापडतं का? बाकीच्या सोयी त्यानंतर.

मग तोच प्रश्न आधी. मराठीत शोधलं की पुस्तक का सापडत नाही?

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त उपयोगही यातूनच झाला, म्हणून सविस्तर सांगते.

'कोऱ्या'मधला र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग या. दुसऱ्यात साधा र, हलन्त, त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग या. पडद्यावर फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. ते अदृश्य चिन्ह मधे गळलं की होतं 'कोर्या', म्हणजे तिसरंच रूप. हिंदीसाठी बनवलेल्या कीबोर्डावर ऱ सापडला नाही की माणसं असंच लिहून मोकळी होतात.

ॲ चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायच्या सामायिक पद्धतीत, २००८ साली आलं. त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवलं जायचं, आणि आजही अनेक कीबोर्ड तेच करतात. 'ॲडव्होकेट' शोधणाऱ्याला निम्मी पुस्तकं दिसतच नाहीत.

'दुःख' या शब्दात विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे दोन ठिपके टाइप केलेले तर मला शेकड्याने सापडले. 'वाङ्मय'चं 'वाड्मय' आणि 'वाङमय' झालेलं असतं, आणि वाचनालयाच्या यादीत हा शब्द पानोपानी येतो.

यावर भर म्हणजे जुनं लेखन. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले. त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर 'कांहीं', 'नांव', 'करितां' असे अनुस्वार आहेत. शीर्षक छापलं आहे तसंच नोंदवायचं हा नियम बरोबरच आहे, तो मोडू नये. पण आजचा वाचक 'काही' असंच शोधणार.

आम्ही दोन गोष्टी केल्या. सगळी यादी एका स्प्रेडशीटमध्ये आणून 'शोधा आणि बदला' वापरून ऱ, ॲ, विसर्ग यांचं एकच रूप ठरवलं आणि ते भिंतीवर लिहून लावलं. शिवाय 'पर्यायी शीर्षक' असा वेगळा रकाना केला. मूळ शीर्षक छापल्याप्रमाणे राहतं, पर्यायी रकान्यात आजचं लेखन जातं. मार्क २१ या ग्रंथालयांच्या संगणकीय पद्धतीने नोंदी करणाऱ्यांसाठी ही जागा २४६ क्रमांकाच्या क्षेत्रात आधीपासूनच आहे. ती भरायचा कंटाळा करू नका.

आमची यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. ती वाया गेली का?

नाही. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. म्हणून फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडलं की नुसता गोंधळ दिसतो. असे फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणारी परिवर्तकं नेटवर मोफत मिळतात. आपल्या फॉन्टचं नेमकं नाव शोधा, पन्नास ओळी बदलून बघा, जोडाक्षरं आणि रफार नीट आले का ते डोळ्यांनी तपासा, मगच पूर्ण फाइल घाला. आमच्या यादीत रफार एक अक्षर पुढे सरकत होता. तो दुरुस्त करायला मे महिन्याची सुट्टी गेली, पण सगळी यादी पुन्हा टाइप करायची वेळ आली नाही.

बडोद्याला अशा प्रयोगांची जुनी सवय आहे म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि मला त्याचा फार आधार वाटतो. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. वाचायला शिकलेल्या माणसाच्या हाती पुढे पुस्तक पडलं नाही तर तो शिकलेलं विसरेल, म्हणून १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून मोफत सार्वजनिक वाचनालयांचं जाळं उभं करायला घेतलं. बोर्डन यांनी ड्युई आणि कटर या अमेरिकी ग्रंथपालांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यासाठी वर्गीकरण बसवलं, ग्रंथपालनाचे वर्ग घेतले. १९१२ पासून इथून 'लायब्ररी मिसलेनी' नावाचं नियतकालिक निघू लागलं, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी याच खात्याची माणसं चित्रपट आणि जादूचा कंदील (काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवणारं यंत्र) घेऊन जात.

म्हणजे हातात आलेलं नवं यंत्र वाचनालयाच्या कामी कसं लावायचं, हा प्रश्न या शहरात शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला आहे. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी कपाटांच्या मजल्यांमध्ये बसवलेली काचेची जमीन एकदा पाहून या. वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून ती योजना. नवं साधन निवडताना मला ती जमीन आठवते.

यादी कशात करावी? स्प्रेडशीट पुरेल की कोहा ही ग्रंथालय चालवायची संगणक प्रणाली हवी?

आधी स्प्रेडशीट. घाई करू नका. दाखल क्रमांक, शीर्षक, पर्यायी शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) आणि कपाट एवढे रकाने पुरेत. मात्र काम सुरू करण्यापूर्वी सगळे रकाने 'मजकूर' या प्रकारात बदला. नाही तर दाखल क्रमांक ००४७ चा ४७ होतो, '५-१०' असा भाग क्रमांक तारीख बनतो, आणि तेरा आकडी आयएसबीएनचे (पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकाचे) शेवटचे आकडे दिसेनासे होतात. सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) नुसती दोनदा क्लिक करून उघडली तर मराठीच्या जागी चिन्हांचा चिखल दिसतो. घाबरू नका, मजकूर गेलेला नसतो. 'आयात करा' मधून यूटीएफ-८ निवडून उघडा, आणि तशी बिघडलेली फाइल चुकूनही सेव्ह करू नका.

देवघेवही संगणकावर आणायची असेल तेव्हा कोहाकडे वळा. ही प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक वाचनालयासाठी बनली आणि २००० सालच्या सुरुवातीला वापरात आली. 'कोहा' हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट किंवा देणगी. प्रणाली मोफत आहे, पण ती चालवायला सर्व्हर लागतो आणि लिनक्स जाणणारं कोणीतरी लागतं. मराठीसाठी एक गोष्ट बसवणाऱ्याला आवर्जून सांगा : शोधाची अनुक्रमणी आयसीयू पद्धतीने, म्हणजे युनिकोडमधल्या सगळ्या लिप्या समजणाऱ्या पद्धतीने, करायची. मुळातली मांडणी रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे आणि तिच्यात देवनागरी शोध नीट चालत नाही. आम्हाला हे कळायला दोन महिने लागले.

भारतात बनलेल्या दोन प्रणालीही आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांसाठीच्या संस्थेचं सोल. महाविद्यालयाचं ग्रंथालय असेल तर सोल आधी बघा, कारण आजूबाजूची महाविद्यालयं तेच वापरत असण्याचा संभव जास्त आणि अडलं तर फोन करायला माणूस असतो.

पुस्तकावरचा बारकोड स्कॅन केला की नोंद आपोआप होते ना?

नव्या पुस्तकांची होते, तीही सगळ्यांची नाही. आयएसबीएनची पद्धत १९७० च्या आसपास सुरू झाली आणि मराठी प्रकाशनात सर्वत्र रुळायला आणखी बराच काळ गेला. आमच्या कपाटांतली बहुतेक पुस्तकं त्याआधीची. ज्यांच्यावर ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा क्रमांक आहे तीच स्कॅन करा, बाकीची हाताने नोंदवा.

बाहेरच्या ग्रंथालयांच्या तयार नोंदी मराठी पुस्तकांसाठी मिळतात का?

मिळतात, आणि अनपेक्षित ठिकाणी मिळतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून भारतात खरेदी केलेली पुस्तकं तिकडच्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. त्यात मराठी पुस्तकंही होती. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातली, आपल्याकडे कुठे नोंद न सापडणारी मराठी कादंबरी वर्ल्डकॅटवर, म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांच्या सामायिक ऑनलाइन यादीत, हमखास भेटते. कोहात झेड ३९.५० नावाची, दुसऱ्या ग्रंथालयाच्या यादीतून नोंद आणायची सोय आहे, तिने लायब्ररी ऑफ काँग्रेसकडची नोंद थेट खेचता येते.

अडचण लिपीची आहे. बऱ्याच नोंदी फक्त रोमन लिपीत आहेत आणि त्यांची पद्धत आपल्या सवयीची नाही. आपण 'राम' लिहिताना शेवटी ए लावत नाही, तिथे लावतात. 'कुलकर्णी'मध्ये ल नंतरही ए येतो, 'गडकरी'मध्ये ड नंतरही. म्हणजे न उच्चारला जाणारा प्रत्येक अ तिथे लिहिलेला असतो. हे एकदा लक्षात आलं की शोध लागायला लागतो. मी शीर्षकातला सगळ्यात लहान शब्द आणि वर्ष घालून शोधते.

वर्गांकही तिथून मिळतो. ड्युई पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ वर आणि गुजराती साहित्य लगेच पुढे ८९१.४७ वर. बडोद्याच्या कपाटात ते शेजारी शेजारी उभे असतात, हे मला फार छान वाटतं.

लेखकाचं नाव कसं लिहायचं? टोपणनाव की खरं नाव?

दोन्ही, पण एकमेकांना जोडून. मराठीत हा प्रश्न सुटता सुटत नाही. 'गोविंदाग्रज' शोधणाऱ्याला राम गणेश गडकऱ्यांची नाटकंही मिळायला हवीत. विभावरी शिरूरकर, मालतीबाई बेडेकर आणि माहेरच्या बाळूताई खरे ही एकच व्यक्ती. लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकांचं लेखन यादीत दोन-तीन ठिकाणी विखुरतं, आणि ते एकत्र आणलं नाही तर त्यांनी किती लिहिलं हेच कळत नाही. हे काम मी सगळ्यात मनापासून करते.

उलटी गफलतही होते. हरी नारायण आपटे आणि नारायण हरी आपटे हे दोन वेगळे कादंबरीकार. आमच्या जुन्या कार्डांवर दोघेही 'आपटे, ना. ह.' किंवा 'आपटे, ह. ना.' असे उलटसुलट पडले होते.

यासाठी विकिडेटा हे साधन मला फार उपयोगी पडलं. तिथे प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक असतो आणि त्याखाली सगळ्या भाषांतली नावं, टोपणनावं, जन्म-मृत्यूची सालं. आमच्या लेखकांच्या रकान्याशेजारी तो क्रमांक आम्ही लिहितो. नाव कसंही लिहिलं तरी क्रमांक एकच राहतो. एखाद्या लेखिकेची नोंद तिथे नसेल तर आपण करू शकतो, मात्र छापील आधार हाताशी हवा.

जुन्या पुस्तकाचं पान फोनने टिपलं की मजकूर टाइप होऊन मिळतो का?

बऱ्यापैकी मिळतो. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी ओळखतं, गूगल लेन्सही ओळखते. स्वच्छ छपाई, सपाट पान आणि ३०० डीपीआयचं स्कॅन असेल तर दुरुस्त्या कमी कराव्या लागतात. खिळ्यांच्या छपाईत शिरोरेषा तुटलेली असते, शाई पसरून मात्रा चिकटतात, आणि एकाखाली एक रचलेली जुनी जोडाक्षरं साधन भलतीच वाचतं. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल ठरलेली. म्हणून अनुक्रमणिका आणि मुखपृष्ठ यांपुरतंच आम्ही ते वापरतो, आणि एकाने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर ताडून बघायचं असा नियम ठेवला आहे.

मोडीतल्या कागदांसाठी यातलं काही उपयोगाचं नाही. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, पण हाताने लिहिलेली वळणदार मोडी वाचायला आजही मोडी शिकलेला माणूसच लागतो. घरात तसे कागद असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा, घड्या उलगडताना जोर लावू नका, आणि चिकटपट्टी अजिबात लावू नका.

जुनी पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांसाठी नेटवर ठेवता येतील का?

आधी लेखकाच्या मृत्यूचं साल बघा. भारतीय कायद्यानुसार लेखक गेल्यानंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. १९६५ साली वारलेल्या लेखकाची पुस्तकं १ जानेवारी २०२६ पासून मुक्त होतात. वरच्याच दोन आपट्यांचं उदाहरण घ्या. हरी नारायण १९१९ साली गेले, त्यांचं लेखन केव्हाच मुक्त आहे. नारायण हरी १९७१ साली गेले, त्यांच्या पुस्तकांसाठी २०३२ उजाडावं लागेल. नावांची अदलाबदल झाली तर चूक निव्वळ यादीची राहत नाही, कायद्याची होते.

अनुवाद असेल तर अनुवादकाचंही साल बघायचं. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि चित्रंही वेगळी धरायची.

हक्क शिल्लक असलेलं पुस्तक जीर्ण होत असेल तर? ना-नफा तत्त्वावरच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ती डिजिटल रूपात साठवायला २०१२ च्या दुरुस्तीने परवानगी दिली आहे. साठवायला, नेटवर टाकायला नव्हे. आम्ही अशी स्कॅन एका वेगळ्या डिस्कवर ठेवतो. डोळ्यांनी अधू असलेल्या वाचकांसाठी वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून द्यायलाही त्याच दुरुस्तीने मुभा आहे. हे फारच थोड्या वाचनालयांना माहीत असतं. आमच्या एका सभासद आजींना आम्ही मोठ्या अक्षरांत पानं काढून देतो.

मुक्त झालेलं पुस्तक ठेवायला इंटरनेट आर्काइव्ह आहे, आणि मराठी विकिस्रोत आहे. विकिस्रोतावर पान आणि मजकूर शेजारी शेजारी दिसतात, कोणीही दुरुस्ती करू शकतं, म्हणून मला ते जास्त आवडतं.

दिवाळी अंकांचं काय करता?

आमच्याकडे येणाऱ्या विनंत्यांत एक ठरलेली असते : 'माझ्या आईची गोष्ट कुठल्याशा दिवाळी अंकात आली होती, सत्तरच्या सुमारास, नाव आठवत नाही.' का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीतलं किती लेखन या अंकांत आलं आणि पुढे पुस्तकात कधी आलंच नाही! ग्रंथालयाच्या यादीत मात्र अंकाचं नाव आणि वर्ष एवढीच ओळ असते. आत कोण आहे ते यादीला ठाऊक नाही.

म्हणून आम्ही अंकांच्या अनुक्रमणिका टिपायला घेतल्या. प्रत्येक लेखनाची एक ओळ : लेखक, शीर्षक, प्रकार, अंक, वर्ष, पान. यादी सामायिक स्प्रेडशीटमध्ये आहे, त्यामुळे पुण्यात किंवा अमेरिकेत असलेली बडोदेकर मंडळीही फोटो बघून ओळी भरतात. फक्त यादीच उघडी ठेवतो, मजकूर नाही, कारण प्रत्येक लेखनाचा हक्क त्या त्या लेखकाचा. दोन मुलींना त्यांच्या वडिलांची कविता यातून मिळाली. वडिलांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं.

एआयला विचारून नोंदी करू का?

शोधकामासाठी करू नका. बडोद्यावरच्या मराठी पुस्तकांची यादी मी एकदा अशा साधनाकडे मागितली. शीर्षकं ऐकायला खरी, लेखकांची नावं ओळखीची, सालंही दिलेली. एकेक शोधत गेले. त्यातली बरीचशी कुठल्याच ग्रंथालयाच्या यादीत नव्हती. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने ती यादी घेऊन वणवण केली असती, या विचाराने मला अस्वस्थ वाटलं.

एका कामात मात्र ते खरोखर उपयोगी आहे. शीर्षक देऊन त्याची संभाव्य लेखनरूपं मागायची, जुनी अनुस्वाराची, नवी, रोमनमधली. ती पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात माणसाने वाचून घालायची. पुस्तक हातात असतं, त्यामुळे चूक लगेच दिसते.

सभासदांचे फोन नंबर आणि कोणी काय वाचलं ही माहिती कुठे ठेवता?

ऑनलाइन यादीत नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी उत्तर हेच असतं. माणूस कुठल्या आजारावरचं पुस्तक नेतो, घटस्फोटावरचं नेतो, हे त्याचं त्याच्यापाशी. पुस्तक परत आलं की देवघेवीतला तो दुवा आम्ही पुसतो. व्हॉट्सॲपचा गट न करता प्रसारण यादी करतो, म्हणजे एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही.

पुराची भीती असलेल्या गावात कागदी नोंदवही ठेवावी का?

ठेवावीच, पण वरच्या फळीवर, आणि तिचा फोटोही असावा. २०१९ च्या जुलैअखेर आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. दुसऱ्या वेळी आमच्याकडे खालच्या फळ्या भिजल्या. दाखल नोंदवहीच्या पानापानाचे फोटो त्याआधीच काढून ऑनलाइन साठवले होते, त्यामुळे काय गेलं आणि काय राहिलं हे दोन दिवसांत सांगता आलं. यादीची एक प्रत ऑनलाइन, एक पेन ड्राइव्हवर, ती वाचनालयापासून दूर कोणाच्या घरी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बदलायची.

कुठलं साधन सोडून दिलं?

सभासदांसाठी घेतलेलं एक ॲप. दिसायला सुरेख होतं, पण शोधपेटीत देवनागरी चालत नव्हती आणि आमचीच यादी बाहेर काढून घ्यायची सोय नव्हती. वर्षाचे पैसे भरले होते, तरी सोडलं. साधन घेताना विचारा : उद्या आम्ही निघालो तर आमच्या नोंदी सीएसव्हीत परत मिळतील का? नाही म्हणाले तर घेऊ नका.

वयस्क सभासदांना हे जमतं का?

जमतं. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतात, 'अमुक पुस्तक ठेव गं बाजूला.' तेवढंच पुरतं. फॉर्म भरायला लावू नका.

आणि घरी मराठी बोलणारी, पण देवनागरी सहज न वाचणारी मुलं?

हा प्रश्न इंदूर-ग्वाल्हेरपेक्षा बडोद्यात वेगळा आहे. तिकडे शाळेत हिंदीमुळे देवनागरी येतेच. इथे मराठी घरांतली मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. आजीशी मराठीत बोलतात, आणि फोनवर तेच मराठी गुजराती अक्षरांत किंवा रोमनमध्ये लिहितात. त्यांनी आमच्या यादीत काही शोधलं तर एकही पुस्तक सापडत नव्हतं. घरचीच मुलं, आणि यादी त्यांना ओळखत नव्हती.

'अक्षरमुख' नावाचं मोफत साधन एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीत बदलून देतं. सगळी शीर्षकं आणि लेखक त्यातून गुजराती लिपीत करून घेतले आणि आणखी एक रकाना भरला. ळ नीट येतो, कारण गुजरातीत तो आहे. ऱ ला मात्र तिथे वेगळं अक्षर नाही, म्हणून 'कोऱ्या'सारखे शब्द हाताने तपासावे लागले. पुन्हा तोच र!

आता दांडिया बाजारातली एक नववीतली मुलगी गुजराती कीबोर्डावरून पुस्तक शोधते, घेऊन जाते, आणि आजी तिला वाचून दाखवते. पहिली दोन पुस्तकं तशी झाली. तिसरं तिने आजीला वाचून दाखवलं, अडखळत.

मला मदत करायची आहे. काय करू?

शहरात असाल तर रविवारी सकाळी या, अनुक्रमणिका टिपायच्या आहेत. बाहेरगावी असाल तर फोटो पाठवतो, ओळी भरा. माळ्यावर जुने दिवाळी अंक असतील तर रद्दीत घालण्याआधी निदान अनुक्रमणिकेचं पान टिपून पाठवा. आणि घरातल्या आजीने, आत्याने, मावशीने कधी काही लिहून छापवलं असेल, तर लग्नाआधी आणि नंतर कुठल्या नावाने छापलं ते आत्ताच विचारून घ्या. ती नोंद अजून कुठल्याही साधनात नाही.